शिलकीत काही नसताना

साल १८७४ च्या आगेमागे. गाव रायचूर. एका ब्राह्मण घराच्या ओसरीपुढे तुम्ही उभे आहात आणि तुमच्या पुढे, हाताच्या अंतरावर, सोळा वर्षांची एक मुलगी उभी आहे. लुगडं विरलेलं, गाठी मारून टिकवलेलं. पायांना भेगा पडल्या आहेत, कारण कित्येक महिने हे कुटुंब गावोगाव चालतंच आहे. आत चुलीवर बाजरीची भाकरी भाजली जाते आहे. तो वास येताच तुमच्याही तोंडाला पाणी सुटतं, आणि तुम्ही तर सकाळी पोटभर खाऊन निघाला आहात.

मुलीला त्यातली एक भाकरी मागायची आहे. स्वतःसाठी नव्हे. तिची आई तापाने फणफणली आहे आणि वातात तिने बाजरीची भाकरी मागितली आहे. घरातली बाई मायाळू आहे, ती नाही म्हणणार नाही, हे मुलीला ठाऊक आहे. तरी तिची जीभ उचलत नाही. भागवताचे हजारो श्लोक त्या जिभेवर आहेत, पण ‘भाकरी द्या’ एवढे दोन शब्द फुटत नाहीत. डोळ्यांना धार लागते, नाक वाहतं, ती पदराने तोंड दाबून धरते. शेवटी घरातली बाईच काय ते समजते आणि भाकरी तिच्या हातावर ठेवते. मुलगी धावत सुटते. तुम्हीही तिच्या मागे धावता.

आईला घास गिळण्याचीही ताकद उरलेली नाही. भाकरी तशीच राहते. आई जाते.

आता प्रेत उचलायचं आहे. परक्या गावात, दुष्काळाच्या दिवसांत, दोन ब्राह्मण कसेबसे पुढे येतात. तिसरा मुलीचा भाऊ, तोही आजारातून उठलेला. चौथा माणूस मिळत नाही. स्मशान तीन मैलांवर आहे. चौथी ती मुलगीच होते. उंची कमी पडते म्हणून तिरडीचा दांडा ती खांद्याऐवजी डोक्यावर घेते. तुम्ही पुढे होऊ पाहता, पण इथे तुम्हाला फक्त पाहण्याची मुभा आहे. हात चालवायची वेळ तुमच्यावर येणार आहे, ती अजून बावीस-तेवीस वर्षांनी.

मुलीचं नाव रमा. अनंतशास्त्री डोंगरे यांची धाकटी लेक, २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीतल्या गंगामूळच्या अरण्यात जन्मलेली. बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून शास्त्रीबुवांनी समाजाचा रोष पत्करला आणि रानात जाऊन आश्रम थाटला. रमेला संस्कृत शिकवलं ते आईने, लक्ष्मीबाईंनी, पहाटे तिला मांडीवर घेऊन. पुढे घरची पुंजी संपली, आणि हे कुटुंब तीर्थयात्रा करत, देवळांत पुराणं वाचत हिंडू लागलं. श्रोते जे काही ठेवत त्यावर गुजराण.

तिरडीच्या मागून तीन मैल चालताना तुम्हाला एक गोष्ट समजून घ्यायला हवी, नाहीतर पुढचं काही कळणार नाही. या घराने देवाचा धावा करण्यात कसूर केली नव्हती. दुष्काळ गळ्याशी आला तेव्हा शास्त्रीबुवांनी हातचं होतं ते देवापुढे आणि ब्राह्मणांपुढे ठेवलं, जप केले, उपास केले, प्रदक्षिणा घातल्या. काम करावं, मजुरी करावी, हे मनाला शिवलंही नाही. देव बघून घेईल. तांदळाचा शेवटचा दाणा संपला. भीक मागायची लाज, काम करायची सवय नाही. म्हातारे, दृष्टी गेलेले शास्त्रीबुवा पवित्र तळ्यात जलसमाधी घ्यायची म्हणून तयार झाले. त्या वेळी या कुटुंबाने रानात अकरा दिवस आणि अकरा रात्री झाडपाला, पाणी आणि मूठभर जंगली खजूर यांवर काढले. अखेर मुलगा म्हणाला, मी मजुरी करीन, काहीही करीन, पण हे नको. सगळी रानातून बाहेर पडली. शास्त्रीबुवा वाटेतच गेले. थोड्याच दिवसांत आई. मग थोरली बहीण, कृष्णाबाई.

समाधीचा निश्चय केल्यावर बापाने लेकीला जवळ घेतलं होतं. तिला सांगितलं होतं की तुला मी देवाच्या हाती दिलं आहे, त्याचीच सेवा करत राहा. उपाशी, आंधळा, हरलेला माणूस लेकीला हे सांगतो. त्याच्या साऱ्या जपतपांतून त्या दिवशी एक भाकरीही आली नव्हती, आणि तरी लेकीसाठी त्याच्याकडे देण्यासारखं एवढंच होतं. हे शब्द ती मुलगी जन्मभर विसरली नाही. त्यांचा हिशेब पुढे लागेल.

चला. आता झेलमच्या काठी, पंजाबात. कडाक्याची थंडी. अंगावर सुती फडकं, पांघरूण नाही, डोक्यावर छप्पर नाही. रमा आणि तिचा भाऊ श्रीनिवास नदीच्या वाळूत हातांनी दोन खड्डे खणताहेत, माणूस मावेल एवढे लांब. वाळू कोरडी आहे. तुम्ही हात घालून बघा: वर गार, विरडीएवढं खोल गेलं की थोडी ऊब. दोघं त्या खड्ड्यांत आडवी होतात आणि आपल्याच अंगावर वाळू ओढून घेतात. फक्त डोकी बाहेर. जिवंत माणसांनी स्वतःला पुरून घेऊन काढलेली ही रात्र आहे.

या दोघांनी हिमालयापासून दक्षिणेपर्यंत पायी देश पालथा घातला. देवळं पाहिली, व्रतं केली, आणि हळूहळू जुन्या श्रद्धेवरचा त्यांचा विश्वास उडाला. इथे मी त्यांना बोल लावणार नाही. ज्याने वाळूत रात्र काढली नाही त्याने त्यांच्या श्रद्धेचा निकाल द्यायला बसू नये. तुम्हीही बसू नका.

पुढची वीस वर्षं मी तुम्हाला झरझर ओलांडून नेतो. १८७८ मध्ये दोघं कलकत्त्याला पोचतात; तिथले पंडित या मुलीची परीक्षा घेतात आणि तिला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हणू लागतात. १८८० मध्ये श्रीनिवास जातो. त्याच वर्षी लग्न, पुढच्या वर्षी लेक मनोरमा, त्याच्या पुढच्या वर्षी वैधव्य. मग पुणे, मग इंग्लंड, आणि तिथे १८८३ मध्ये ख्रिस्ती धर्माचा स्वीकार. मग अमेरिका. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन, पुढच्याच वर्षी ते पुण्यात. १८९३ मध्ये सदनातल्या मुली ख्रिस्ती होताहेत म्हणून पुण्यात उठलेलं वादळ, सल्लागार मंडळातल्या रानडे-भांडारकरांचं बाजूला होणं, ‘केसरी’तली टीका. हे सगळं मराठी वाचकाला माहीत आहे, आणि अजूनही अनेकांच्या मनात त्याचा सल आहे. धर्मांतराबद्दल तुमचं मत काहीही असू द्या. ते सोबत घेऊनच पुढे चला. टाकून या असं मी म्हणत नाही.

१८९६ संपतंय. मध्य प्रांतात दुष्काळ पडल्याच्या बातम्या पुण्यात येऊन थडकल्या आहेत. शारदा सदनातल्या मुलींची जबाबदारी रमाबाईंच्या अंगावर आहे. सदनाला अमेरिकेतल्या रमाबाई असोसिएशनचा पैसा येतो. दहा वर्षांसाठी दिलेलं ते वचन आहे आणि मुदत संपत आली आहे. तो पैसा विधवागृहासाठी आहे. दुष्काळातून उचलून आणलेल्या मुलींसाठी त्यात तरतूद नाही. हिशेबाची वही उघडून बसलेला कोणीही शहाणा माणूस म्हणेल, बाई, आहे तेवढं सांभाळा.

त्या गाडीत बसतात.

तुम्हीही बसा. गाडी उत्तरेकडे जाते तशी खिडकीबाहेरची शेतं राखट होत जातात. एका गावाबाहेर तुम्ही उतरता. सरकारी गरीबखाना म्हणून जे दाखवतात ते घरच नाही, गावाबाहेरची एक राई आहे. झाडांखाली माणसं पडली आहेत. कोणी चिंध्यांवर, कोणी धुळीत, काही जण राखेत, कारण राखेत रात्री जरा ऊब लागते. पुढे जाताना पाय जपून टाका. तुम्हाला जे गाठोडं वाटतं ते मूल असतं. त्याच्या मांडीपेक्षा गुडघा मोठा आहे. रडत नाही. रडायलाही अंगात काही लागतं.

रमाबाईंकडे बघा. एकोणचाळिशीला टेकलेल्या, पांढरं लुगडं, कापलेले केस, घारे डोळे. त्या इथे परक्यासारख्या उभ्या नाहीत. तुम्ही रायचूर आणि झेलम पाहून आला आहात म्हणून त्या काय बघताहेत ते तुम्हाला कळतं. समोरच्या प्रत्येक मुलीत त्यांना ती सोळा वर्षांची मुलगी दिसते, भाकरी मागायला तोंड न उघडलेली. आणि दुसरंही एक दिसतं, जे सरकारी अहवालांत सहसा नसतं. या राईत, या छावण्यांत आणखी काही माणसं फिरताहेत, धडधाकट, नीटनेटक्या कपड्यांतली. तीही मुलीच शोधताहेत. मूठभर दाण्यांच्या बदल्यात मुली विकल्या जाताहेत, पळवल्या जाताहेत. कोण आधी पोचतं एवढाच प्रश्न आहे.

तीनशे. रमाबाईंनी मनाशी धरलेला आकडा तीनशे मुलींचा आहे. पैसा हातात नाही, जागा नाही, धान्य नाही. त्यांच्या प्रार्थनेत हा आकडा आहे आणि देव याची सोय करील असं त्या धरून चालल्या आहेत. खरोखरच चालल्या आहेत. एका गावाहून दुसऱ्या गावी, एका छावणीतून दुसऱ्या छावणीत, आजाऱ्यांमधून. काही महिन्यांत तीनशे मुली येतात.

त्यांना आणायचं कुठे? पुण्यात प्लेग आहे. प्लेगच्या बंदोबस्तामुळे शहराच्या हद्दीत नव्या मुली ठेवायला परवानगी मिळत नाही. पण पुण्याच्या पूर्वेला, दौंडच्या रेल्वेमार्गावर, केडगावला थोड्याच वर्षांपूर्वी त्यांनी शंभरेक एकर जमीन घेऊन ठेवली आहे. फळझाडं लावायची, त्याच्या उत्पन्नावर सदन चालावं, हा तेव्हाचा विचार होता. माळरान, एखाद-दुसरी विहीर, कोवळी झाडं. तीनशे मुलींना राहायला तिथे भिंत नाही.

तुम्ही केडगाव स्टेशनवर उतरता. आता मात्र तुमचे हात चालतात. उतरताच कोणीतरी तुमच्या हाती बांबू देतं. गवताच्या छपऱ्या उभ्या राहताहेत. शारदा सदनातल्या ज्या मुली काही वर्षांपूर्वी स्वतः विधवा म्हणून, टाकलेल्या म्हणून आल्या होत्या, त्याच आता पदर खोचून कामाला लागल्या आहेत. एकीपुढे मुलींची रांग आहे. ती एकेकीचं डोकं भादरते, कारण उवांनी आणि चिघळलेल्या जखमांनी केसांचं जाळं झालं आहे. तुमच्याकडे कढत पाण्याची बादली आणि फडकी दिली जातात. जखमा धुवायच्या. पहिल्या मुलीला हात लावताच ती अंग चोरून घेते. तुमची मराठी तिला कळत नाही, तिची बुंदेली तुम्हाला कळत नाही. तुम्ही हळू हाताने धुता. तिसऱ्या-चौथ्या मुलीपर्यंत हात सरावतो.

दुपारी तुमची पाळी स्वयंपाकाच्या छपरीत. मोठ्या हंड्यात पेज रटरटते आहे. नव्या मुलींना आधी पेजच, तीही वाटीभर, थोड्या थोड्या वेळाने. उपाशी पोटाला एकदम भाकरी घातली तर माणूस दगावतं, हे इथे प्रत्येकीला शिकवलेलं आहे. एक मुलगी वाटी चाटून पुन्हा पुढे करते. तुमचा हात डावाकडे जातो. ‘‘थांबा हो, इतक्यात नाही,’’ शेजारची बाई तुम्हाला अडवते, ‘‘तासाभराने द्या. जीव तिचाच आहे.’’ तासभर ती मुलगी तुमच्यावरून नजर हलवत नाही. तो तास तुम्हाला फार मोठा जातो.

ज्यांना भाकरी सोसते त्या अर्धी खातात आणि अर्धी लपवतात. पदराच्या गाठीत, छपरीच्या गवतात, मातीत उकरून. उद्या मिळेल यावर त्यांचा विश्वास नाही, आणि तो का असावा? सकाळी झाडताना तुम्हाला बुरशी आलेले तुकडे सापडतात. ते ओरडून टाकायचे नसतात. गुपचूप उचलायचे, आणि त्या दिवशीची भाकरी वेळेवर, न चुकता हातावर ठेवायची. देवावर विश्वास ठेवा असं या मुलींना कोणी पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर तो शब्द हवेत गेला असता. रोज ठरल्या वेळी येणारी भाकरी हीच त्यांच्यासाठी पहिली साक्ष. गवतात तुकडे सापडायचे थांबतात, त्या दिवशी शिकवण सुरू होते.

सगळ्या वाचत नाहीत. काही फार उशिरा आलेल्या आहेत. तुम्ही ज्यांच्या जखमा धुतल्या त्यांतल्या काहींच्या मातीलाही तुम्हाला जावं लागतं. इथे मात्र खांदा कमी पडत नाही.

रात्री सगळ्या एकत्र बसतात. प्रार्थना होते. तुम्ही वारकरी असाल, मुसलमान असाल, काहीच मानत नसाल, कोपऱ्यात बसा. दिवसभर राबलेल्याला बसायला जागा आहे. रमाबाई उद्याचं धान्य मागतात. लाकूडफाटा मागतात. औषध मागतात. विहिरीला पाणी मागतात. इतकं नेमकं, इतकं घरगुती मागणं तुम्ही देवापुढे क्वचितच ऐकलं असेल. ब्रिस्टलला जॉर्ज म्यूलर नावाच्या माणसाने कोणाकडे वर्गणी न मागता, केवळ प्रार्थनेच्या भरवशावर हजारो अनाथ मुलं वाढवली, त्याचं चरित्र रमाबाईंनी वाचलं होतं. वाचताना त्यांना प्रश्न पडला होता की असा भरवसा आपल्या देशात, आपल्याला जमेल का. केडगाव हे त्याचं उत्तर होतं.

आता मला जे म्हणायचं आहे ते इथेच, हंडा घासत घासत सांगतो.

या बाईच्या बापानेही देवावर भरवसा टाकला होता, आणि याही बाईने टाकला. बापाचं घर उपाशी मेलं, लेकीच्या घरी तीनशे जेवल्या. देव बदलला म्हणून हे झालं, असं रमाबाई स्वतः मानत, आणि त्यांनी ते लपवलं नाही. तुम्हाला ते पटेलच असं नाही, मला त्यावर तुमच्याशी भांडायचंही नाही. पण दोन्ही ठिकाणी उभं राहून आल्यावर जो फरक मला दिसतो तो असा: शास्त्रीबुवा देवाने काही करावं म्हणून थांबले होते. रमाबाई आधी निघाल्या, आणि निघाल्यावर वाटखर्च मागितला. आधी मुलगी गाडीत बसते, मग तिच्या भाकरीची प्रार्थना होते. क्रम असा आहे. हातात पैसा आल्यावर मुली आणू, असं त्या म्हणाल्या असत्या तर ते शहाणपण ठरलं असतं, आणि त्या नीटनेटक्या कपड्यांतल्या माणसांनी राई रिकामी केली असती.

आणि भरवसा म्हणजे गप्प बसणंही नव्हे. दिवसा रमाबाई पत्रं लिहितात, वृत्तपत्रांना मजकूर धाडतात, हिशेब चोख ठेवतात, देश-परदेशातल्या स्नेह्यांना इथली स्थिती कळवतात. प्लेगच्या बंदोबस्ताखाली पुण्यात मुलींची जी हेळसांड झाली तिच्याविरुद्ध त्यांनी ‘बॉम्बे गार्डियन’मध्ये लिहिलं, आणि त्याचे पडसाद थेट लंडनच्या पार्लमेंटात उमटले. पैसा येतो तो माणसांच्याच हातून येतो, टपालाने येतो. यात देवाचं काय, असं कोणी विचारील. मी उलटा प्रश्न विचारतो. घरात धान्य नसताना तीनशे पोटं अंगावर घेण्याचं बळ कुठून आलं? टपाल तर नंतर आलं.

बापाचा हिशेब लावायचा राहिला होता. मरणाच्या दारात त्याने लेकीला देवाच्या सेवेला लावलं. तो देव तिने पुढे वेगळ्या नावाने हाकारला, हे त्याला रुचलं असतं असं नाही. पण ती सेवा तिने केली, आणि त्याला जी एक भाकरी मिळाली नाही तिच्यापायी हजारोंना घातली. केडगावच्या पायात अनंतशास्त्र्यांचा तो उपाशी शब्द आहे, असं मी मानतो. त्यांचं मागणं वाया गेलं असं म्हणायला माझं मन धजत नाही.

१८९८ मध्ये अमेरिकेतल्या असोसिएशनची दहा वर्षांची मुदत भरते. आणि लगेच १८९९-१९०० चा दुष्काळ येतो, ज्याला गुजरातेत अजून छप्पनियो म्हणतात, संवत १९५६ चा म्हणून. गुजरात, काठेवाड, राजपुताना. पुन्हा गाड्या भरून मुली येतात. तुम्ही दुसऱ्यांदा केडगावला उतरता तेव्हा छपऱ्यांच्या जागी दगडी इमारती चढताहेत आणि माणसं दोन हजारांच्या घरात गेली आहेत. एका पंगतीला ब्राह्मण, कुणबी, महार, मांग, भिल्ल सगळ्या. शारदा सदनात जातीचे नियम पाळायची मुभा होती. इथे दुष्काळाने तो प्रश्नच ठेवलेला नाही. माग चालतात, तेलघाणी चालते, गोठा आहे, शेती आहे, शिलाई आहे, छापखाना येतो आहे. आंधळ्या मुली ब्रेल शिकतील, फसवल्या गेलेल्यांसाठी कृपासदन असेल, म्हाताऱ्यांसाठी प्रीतिसदन. येणारी प्रत्येक मुलगी पायावर उभी राहण्याचं काहीतरी शिकते. या सगळ्या वस्तीचं नाव मुक्ती.

यंदा पाऊस केडगावलाही नाही. तुम्हाला विहिरीवर लावलं जातं. दिवसभर मोटा चालतात. दोन हजार माणसांचं पिणं, रांधणं, धुणं, गुरं, वर बांधकामाचं पाणी. दिवस मावळताना तुम्ही काठावर ओणवून बघता तेव्हा तळाचा गाळ दिसतो. उद्या काय? कोणी उत्तर देत नाही. प्रार्थनेची घंटा होते. पहाटे तुम्ही पुन्हा विहिरीवर जाता, आणि पाणी आहे. त्या दिवसापुरतं आहे. संध्याकाळी पुन्हा गाळ, पहाटे पुन्हा पाणी. मुक्तीतल्या लोकांनी हे लिहून ठेवलं आहे.

दौंड-शिरूर भागातला कुठलाही शेतकरी याचं कारण सांगेल. काळा पाषाण, त्याच्या भेगांतून रात्रभर पाझर चालू राहतो, उपसा थांबला की विहीर भरून येते. हे खरंच आहे. पण त्या वर्षी पाझरही आटलेल्या कितीतरी विहिरी आसपास होत्या, आणि हा पाझर उद्या टिकेल की नाही हे कुठलाही भूशास्त्रज्ञ त्या संध्याकाळी सांगू शकला नसता. रमाबाईंनी रात्री प्रार्थना केली आणि पहाटेच्या मोटेला बैल जुंपायला सांगून ठेवले. दोन्ही. मला या दोन गोष्टी एकमेकींच्या आड येताना दिसत नाहीत.

तुमच्या तळहातांना सोंदराने फोड आले आहेत. बरं झालं. आता परत निघायला हरकत नाही.

जाता जाता एवढं पाहून घ्या. साल १९२२, एप्रिल महिना. मनोरमा आदल्या जुलैत गेली आहे. हे सगळं जिच्या हाती सोपवायचं होतं ती आधी गेली. रमाबाईंना आता फार कमी ऐकू येतं. हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी बायबल साध्या, शेतकरी बाईलाही कळेल अशा मराठीत उतरवलं आहे, ते मुक्तीच्याच छापखान्यात, मुक्तीच्याच बायकांनी जुळवलेल्या खिळ्यांनी छापलं जातंय. लेक गेल्यावर त्या खचून पडल्या नाहीत असं मी म्हणत नाही. ते आपल्याला ठाऊक नाही आणि तो दाराआडचा भाग आहे. काम त्यांनी पुरं केलं. ५ एप्रिल रोजी त्या गेल्या.

संकटात देवावर भरवसा ठेवा असं आपण एकमेकांना फार सहज सांगतो. दवाखान्याच्या बाकावर, कर्ज थकलेल्या घरी, गारपिटीनंतर बांधावर. सांगणाऱ्याचा हेतू चांगला असतो. पण रायचूरच्या ओसरीपुढे उभं राहून आल्यावर हे वाक्य रिकाम्या हातांनी बोलता येत नाही. सांगायचंच असेल तर आधी डबा घेऊन जा, रात्रपाळीला बसा, हप्त्याचं काय ते बघा, आणि मग सांगा. आणि संकटात तुम्ही स्वतः असाल तर मागा. देवाकडे मागा आणि शेजारच्या बाईकडेही मागा. त्या मुलीची जीभ उचलली नाही, तुमची उचलू द्या.

रमाबाईंची ‘माझी साक्ष’ छोटी आहे, एका बैठकीत वाचून होते. ती त्यांच्याच शब्दांत वाचा. मुक्ती मिशन अजून चालू आहे, आणि पुण्याहून दौंडला जाणारी गाडी केडगावला थांबते.